शुद्धी किती वेळ टिकते?

१६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला, महाराष्ट्रातली देवळे आठ महिन्यांनी उघडली. तीर्थ-प्रसाद देण्याला मनाई होती. कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या माणसाच्या तळहातावर तीर्थाऐवजी सॅनिटायझर पडत होते. उसाच्या या मुलखात सॅनिटायझर परके नव्हते. त्यातले अल्कोहोल मळीपासून निघते आणि राज्यातल्या अनेक साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांनी त्या वर्षी दारूऐवजी सॅनिटायझर बनवायला घेतले होते. मध्य प्रदेशात मात्र एका पुजाऱ्याने त्याच वर्षी हरकत घेतली होती, की ज्यात मद्यार्क आहे असा पदार्थ हाताला लावून देवळात यायचे कसे. या हरकतीची अनेकांनी थट्टा केली. मला ती थट्टेवारी नेण्यासारखी वाटत नाही. देवळाच्या एकाच उंबऱ्यावर त्या दिवसांत शुद्धतेच्या दोन कल्पना समोरासमोर आल्या होत्या: एक हाताची, जी जंतू मोजते, आणि दुसरी माणसाची, जी जंतू मोजत नाही. या दोन्हींचे नाते काय, आणि एकीने दुसरीला काही विचारायचा अधिकार आहे का, हा खरा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे, की अधिकार आहे. शुद्धतेचा दावा जोवर माणूस स्वतःपुरता करतो तोवर त्याला कुणी हटकू नये. पण त्याच दाव्याच्या जोरावर तो दुसऱ्याला दूर उभे करतो, पाणी नाकारतो, दार बंद करतो, तेव्हा तो दावा परीक्षेला बसवला पाहिजे. आणि परीक्षा कशी घेतात हे शिकायचे असेल तर सॅनिटायझर तपासणाऱ्या प्रयोगशाळेइतकी चांगली जागा नाही.

साधे अल्कोहोल अर्ध्या-एक मिनिटात उडून जाते. जे जंतू त्या क्षणी हातावर असतील ते मरतात. पुढच्या क्षणी दाराची कडी धरली की हात पुन्हा होता तसा. म्हणून बाजारात दुसऱ्या जातीची द्रव्ये आली, ज्यांचा पातळ थर मागे राहतो: बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखी चतुर्थक अमोनियम संयुगे, क्लोरहेक्सिडीन वगैरे. ‘२४ तास संरक्षण’ हा दावा या थराच्या भरवशावर केला जातो. तो तपासायची एक रीत अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पृष्ठभागांसाठी घालून दिली आहे, ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. स्टीलच्या किंवा काचेच्या तुकड्यावर द्रव्य लावून वाळवतात. मग वजन ठेवलेले फडके यंत्राने त्यावरून पुन्हा पुन्हा घासतात, एकदा कोरडे, एकदा ओले, कारण जगात कोणताही पृष्ठभाग अस्पर्श राहत नाही. घासण्याच्या फेऱ्यांमध्ये मुद्दाम नवे जंतू त्यावर टाकतात. निदान २४ तासांनी त्या झिजलेल्या थरावर शेवटचा मोठा हप्ता टाकायचा आणि ५ मिनिटे थांबायचे. नंतर तो तुकडा अशा द्रवात बुडवतात ज्यात लेसिथिन, पॉलिसॉर्बेट यांसारखी जंतुनाशकाला निष्प्रभ करणारी द्रव्ये असतात. त्या द्रवाचे दहा-दहा पटींनी विरळ नमुने अगारच्या बशीवर पसरायचे, बशा उबवणीत ठेवायच्या आणि एक-दोन दिवसांनी उगवलेल्या वसाहती मोजायच्या. शेजारी, ज्याला काहीच लावलेले नाही असा तुकडाही याच सगळ्या हालअपेष्टांतून गेलेला असतो. त्याच्या तुलनेत ९९.९ टक्के जंतू कमी झाले तरच दावा टिकला.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती निष्प्रभ करण्याची पायरी. ती गाळली, तर तुकड्यावरून उतरलेले द्रव्य बशीतही जंतूंना वाढू देत नाही, आणि बशी कोरी दिसते. पाहणाऱ्याला वाटते, पाच मिनिटांत सगळे मेले. प्रत्यक्षात ते बशीत दोन दिवस दाबून धरलेले असतात. म्हणजे दावा करणाऱ्याचा प्रभाव साक्षीच्या जागेपर्यंत पोचू द्यायचा नाही, तो वाटेतच थांबवायचा आणि मगच साक्ष ऐकायची, असा हा नियम. त्याहून पुढची काळजी अशी, की निष्प्रभ करणारा द्रव स्वतः जंतू मारत नाही ना, हेही वेगळे तपासावे लागते. सत्य शोधणाऱ्याने आपल्या साधनाकडेही संशयाने पाहावे, ही वृत्ती एरवी मोठमोठ्या दर्शनग्रंथांच्या चर्चेत शोधावी लागते. इथे ती रोजच्या कामाचा भाग आहे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. ९९.९ टक्के ऐकायला पूर्ण वाटते. पण दहा लाखांतले ९९.९ टक्के गेले तरी एक हजार उरतात. ई. कोलायला मनाजोगते अन्न आणि ऊब मिळाली तर तो साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. हजाराचे पुन्हा दहा लाख व्हायला दहा दुपटी लागतात, म्हणजे साडेतीन तासही नाहीत. हातावर अशी सुखाची परिस्थिती नसते, हे खरे. तरीही हिशेबाचा रोख स्पष्ट आहे. आणि प्रत्येक आकड्यामागे ‘कशाविरुद्ध’ हा शब्द लिहावाच लागतो. अल्कोहोलने स्टॅफिलोकॉकस मरतो, पण क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे बीजाणू मरत नाहीत; तिथे साबण-पाण्याने हात घासून ते वाहून घालवणेच बरे. टिकाऊपणाच्या हव्यासाचीही किंमत असते. २०१६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह १९ द्रव्ये घरगुती जंतुनाशक साबणांतून काढून टाकली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ती सरस आहेत आणि रोज दीर्घकाळ वापरायला सुरक्षित आहेत, हे उत्पादकांना दाखवता आले नाही. शिवाय मागे राहिलेला क्षीण थर उरलेल्या जंतूंना सरावायची संधी देतो, ही चिंता आहेच. या सगळ्याचा अर्थ मी असा लावतो: स्वच्छता ही अवस्था म्हणून कुणाच्या मालकीची होत नाही. ती कृती आहे. केली की होते, स्पर्श झाला की ओसरते, पुन्हा करावी लागते. अमुक हात कायमचा शुद्ध आणि अमुक कायमचा अशुद्ध, असे वाक्य प्रयोगशाळेत लिहिताच येत नाही, कारण त्यात जंतूचे नाव नाही, वेळ नाही आणि प्रमाण नाही.

आता हेच मोजमाप हाती घेऊन कोल्हापूरच्या इतिहासाकडे वळू. १८९९ साली कार्तिक स्नानासाठी संस्थानचे छत्रपती शाहू महाराज पंचगंगेवर गेले होते. बरोबर मुंबईचे पंडित राजारामशास्त्री भागवत होते. स्नानाच्या वेळी भटजी मंत्र म्हणत होता ते वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, हे भागवतांच्या ध्यानात आले. विचारल्यावर उत्तर मिळाले, की शूद्राला पुराणोक्तच सांगायचे असतात. आणि महाराजांचे चरित्रकार याच प्रसंगात आणखी एक तपशील देतात: भटजी स्वतः स्नान करून आलेला नव्हता, कारण पुराणोक्त मंत्रांसाठी आंघोळीची गरज नाही, असे त्याचे म्हणणे होते. या वादावर, म्हणजे वेदोक्त प्रकरणावर, पुष्कळ लिहिले गेले आहे, हक्काच्या आणि सत्तेच्या अंगाने. मला इथे घाटावरचे ते दृश्य तेवढे पुरेसे आहे. कार्तिकातल्या थंड पाण्यात बुडी मारून बाहेर आलेला माणूस अशुद्ध, आणि पारोसा उभा असलेला शुद्ध. शुद्धतेचा पाण्याशी, अंगाशी, मळाशी असलेला धागा इथे पूर्ण तुटलेला दिसतो. स्नानाने जी येत नाही आणि स्नान टाळल्याने जी जात नाही, ती शुद्धता म्हणजे दर्जाचे दुसरे नाव. ती परीक्षेला बसूच शकत नाही, कारण तिच्यात बदलण्याजोगे काही ठेवलेलेच नाही.

याची दुसरी बाजू महाडला दिसली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या हजारो सहकाऱ्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्याच तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, अन्य धर्मांचे लोक पाणी भरत; अस्पृश्यांना मात्र ते घेऊ देत नसत. पुढे सवर्णांनी तळ्याचे शुद्धीकरण केले: शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी, आणि मंत्र. प्रयोगशाळेतला कुणी मनुष्य तिथे असता तर त्याने एवढेच विचारले असते, की आधी पाण्यात काय होते आणि नंतर काय नाही? शेण घातल्यावर पाण्यातले जंतू वाढतात, घटत नाहीत. तेव्हा शुद्धीकरणाने जे काढून टाकले ते पाण्यात नव्हतेच. एका माणसाने दुसऱ्याविषयी धरलेली समजूत तेवढी त्या विधीने पुन्हा घट्ट केली. हे भांडण कोर्टात गेले तेव्हा एका अर्थाने परीक्षा झालीच. तळे वापरू न देण्याची रूढी अनादि काळापासून आहे, हे सिद्ध करायची जबाबदारी न्यायालयाने दावा करणाऱ्यांवर ठेवली, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात त्यांचा दावा फेटाळला गेला. सिद्ध करायचे ओझे दावा करणाऱ्यावर, हाच नियम साबण कंपनीला लागतो आणि तोच महाडच्या सनातन्यांना लागला.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा. सोवळे-ओवळे म्हणजे आपल्या पूर्वजांचे आरोग्यशास्त्रच होते, त्यांना जंतू दिसत नव्हते तरी परिणाम ठाऊक होता, असे करोनाच्या काळात घरोघरी ऐकू आले. याला सरसकट झिडकारू नये. बाहेरून आल्यावर हातपाय धुणे, उष्टे न खाणे, स्वयंपाकाआधी आंघोळ करणे या सवयींत आरोग्याचा अंश नक्कीच आहे. इतकेच काय, नदीच्या पाण्याच्या पवित्रतेची परीक्षाही झालेली आहे. १८९६ साली अर्नेस्ट हँकिन या शास्त्रज्ञाने आग्र्याहून गंगा-यमुनेच्या पाण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पटकीचे जंतू त्या पाण्यात काही तासांत मरत होते, आणि पाणी उकळले की हा गुण नाहीसा होत होता. जंतूंना खाणाऱ्या विषाणूंचा, म्हणजे बॅक्टेरिओफाजचा, शोध पुढे लागल्यावर या गुणाचे स्पष्टीकरण त्यांच्यात शोधले गेले. पण हँकिनने काय सांगितले ते नीट पाहावे: हे पाणी, हा जंतू, इतका वेळ, आणि उकळल्यावर नाही. सगळ्या नद्यांचे सगळे पाणी सगळ्यांना तारते, असे तो म्हणाला नाही. पंचगंगेला आपण माता म्हणतो, तिच्या काठी दिवे सोडतो; आणि २०१२ साली तिच्या खालच्या अंगाला इचलकरंजीत काविळीची भयंकर साथ आली, माणसे दगावली, तेव्हा बोट पिण्याच्या दूषित पाण्याकडेच गेले. आईची माया खरी असली तरी तिच्यात सोडलेले सांडपाणी मायेने विरघळत नाही. पूर्वजांचे आरोग्यशास्त्र म्हणून ज्याचा गौरव करायचा, त्याला आरोग्यशास्त्राचेच प्रश्न विचारू द्यावे लागतील. आणि ते विचारले की सोवळ्यातला हात धुण्याचा भाग उत्तीर्ण होतो. सावली, जात, मासिक पाळी यांचा भाग मात्र एकाही बशीत उगवत नाही.

शिवाय प्रतिष्ठा आणि स्वच्छता यांची गल्लत ही केवळ आपल्याकडची नाही. व्हिएन्नात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आले, की शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींच्या कक्षात येणाऱ्या डॉक्टर-विद्यार्थ्यांच्या कक्षात स्त्रिया अधिक मरतात, सुईणींच्या कक्षात कमी. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. तरीही अनेक मान्यवर डॉक्टरांनी ते मानले नाही. आपल्या हातांनी मरण पोचते, हे त्या हातांच्या मालकांना ऐकवेना. कक्षातला सर्वांत विद्वान हात सर्वांत घातक होता, आणि ते मोजल्याशिवाय कळणे शक्य नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि मी तो मनापासून मानतो. धर्मातली शुद्धी मुळात जंतूंविषयी नाहीच, ती चित्ताविषयी आहे. देवासमोर जाताना माणसाने मन आवरावे, त्याची खूण म्हणून स्नान, धूतवस्त्र, मौन. बशीत चित्त उगवत नाही, म्हणून ते खोटे ठरत नाही. अगदी बरोबर. पण या उत्तरातून एक बंधन निघते, ते आक्षेप घेणाऱ्याने स्वीकारायला हवे. शुद्धी चित्ताची असेल तर ती दुसऱ्याच्या स्पर्शाने कशी जाते? चित्तात जे मिळवले ते खांद्याला खांदा लागल्याने सांडत नाही. एकीकडे ‘हे आध्यात्मिक आहे, मोजू नका’ म्हणायचे आणि दुसरीकडे स्पर्शासारखे शारीरिक कारण देऊन माणसाला बाहेर ठेवायचे, हे दोन्ही एकाच वेळी चालणार नाही. ही विसंगती धर्माच्या आतूनच ओळखली गेली आहे, प्रयोगशाळेची वाट न पाहता. कोल्हापूरच्या पूर्वेला नि दक्षिणेला ज्यांची दाट वस्ती आहे त्या लिंगायत परंपरेने जन्म, मृत्यू, रज, उच्छिष्ट आणि जाती ही पाचही सूतके नाकारली; अंगावर लिंग धारण करणाऱ्याला विटाळ नाही, असे म्हटले. गाडगे महाराजांनी खराटा हाती घेऊन गावे झाडली आणि संध्याकाळी त्याच गावात कीर्तन केले. त्यांच्या लेखी घाण काढणारा हात देवाच्या अधिक जवळचा होता. ही दोन्ही उदाहरणे श्रद्धेचीच आहेत. त्यांनी स्वच्छता कृतीकडे ठेवली, शुद्धी अंतःकरणाकडे ठेवली, आणि मधली जागा, जिथे माणूस माणसाला नासवतो असे सांगितले जाते, ती रिकामी केली.

तिसरा आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येतो आणि तो मला सर्वांत बोचतो. जंतूंची भाषा हेच नवे सोवळे होत नाही काय? मार्च २०२० च्या शेवटी उत्तर प्रदेशात बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचे फवारे मारले गेले. त्यांच्यात मुलेही होती. पुढच्याच महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सांगावे लागले, की माणसांवर फवारणी करणे अपायकारक आहे आणि त्याला शास्त्रीय आधार नाही. शहरांतल्या अनेक घरांत कामवाल्या बाईंचा कप वेगळा होता, तो तसाच वेगळा राहिला. कारण सांगायचे तेवढे बदलले. म्हणजे जुनी शिवाशिव सॅनिटायझरच्या बाटलीतही शिरू शकते. पण म्हणून मोजणेच टाकून द्यावे, असे यातून निघत नाही. बरेलीत मोजणी झाली नव्हती. कोणता विषाणू, अंगावर की कपड्यावर, द्रव्य किती तीव्र, त्वचेला चालते का, आणि विमानाने आलेल्या प्रवाशांवर हाच फवारा का नाही, यांतला एकही प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिथे विज्ञानाचा पेहराव होता, परीक्षा नव्हती. नियंत्रणासाठी ठेवलेला तो शेजारचा तुकडा आठवावा: तुलनेला कुणी ठेवले नसेल तर निष्कर्ष काढता येत नाही. मालकाचा कप आणि बाईचा कप दोन्ही सारख्याच उकळत्या पाण्यातून गेले, तर वेगळेपणाला काय उरते?

गंगाराम कांबळे यांची गोष्ट या ठिकाणी केवळ गौरवाची म्हणून नव्हे, पुरावा म्हणून वाचावी. राजवाड्याच्या नोकरीत असताना सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढून दिले, आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायला सुरुवात केली, बरोबरच्या मंडळींनाही पाजला. त्याआधीच्या शेकडो वर्षांत विटाळाने काय होते याचे वर्णन भरपूर झाले होते, पण ते करून पाहण्याची हिंमत सिंहासनावरच्या माणसांनी क्वचितच केली होती. १९१९ साली कोल्हापूर संस्थानात सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने सर्वांना खुले ठेवण्याचे हुकूम निघाले. दवाखान्याचा हुकूम मला विशेष महत्त्वाचा वाटतो. नाडी पाहायची तर मनगट धरावे लागते, जखम बांधायची तर हात लावावा लागतो. रोगी कुणीही असो, हात आधी धुवायचा आणि नंतरही धुवायचा, एवढाच भेद तिथे उरतो.

श्रद्धेला मोजमाप सोसत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी अंबाबाईच्या देवळातलाच दाखला आहे. दूध, दही, मध, पाणी यांच्या रोजच्या अभिषेकाने मूळ मूर्तीच्या पाषाणाची झीज होते आहे, हे दिसू लागले तेव्हा मूर्तीवरचा अभिषेक थांबवून तो उत्सवमूर्तीवर करायची रीत आली, आणि २०१५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी मूर्तीचे संवर्धन केले. त्यावर वाद झाले, शास्त्रार्थ झाले, मूर्तीच्या तपशिलांवरून मोर्चेही निघाले. तरी अभिषेकातल्या पदार्थाने पाषाणाचे काय होते हा प्रश्न विचारणे म्हणजे देवीचा अवमान, असे मानून दार बंद केले गेले नाही. झीज पाहिली गेली, कारण शोधले गेले, विधी बदलला, आणि नवरात्रातल्या रांगा तेवढ्याच लांब राहिल्या. अभिषेकाइतका जुना आचार जर पुराव्यापुढे थांबू शकतो, तर अमक्याच्या शिवण्याने काय बिघडते, हा प्रश्नही त्याच देवळात, त्याच मोकळेपणाने विचारता येईल. गाभाऱ्यात कोणी जावे, कोणत्या वस्त्रात जावे, याचे नियम देवस्थानाने करावेत. गर्दी, सुरक्षितता, मूर्तीची निगा अशी कारणे त्यांना देता येतात, आणि ती तपासताही येतात. जन्मावरून ठरलेला विटाळ हे कारण मात्र त्या यादीत बसवता येत नाही.